जिन्यातलं खडूचं रिंगण

उजवा हात पालथा करून समोर धरायचा, आणि झोपलेल्या मांजराच्या पाठीवर ठेवावा तसा बेताबेतानं खाली न्यायचा. "थोडं खाली... अजून थोडं... हां. आता बघा." हा त्यांचा हात आणि हे त्यांचं बोलणं. पंखा जोरात फिरत असला तरी तोच हात, पोरी जिन्यात भांडत असल्या तरी तोच हात, आणि वायफायचा डबा दुरुस्त करतानाही तोच. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल बघा, ज्याचं नाव कुणाला पटकन आठवत नाही पण ज्याची नक्कल पोरंटोरंसुद्धा करतात.

मी त्यांना भाऊ म्हणायची. ते मला अक्का म्हणायचे. आणि माझ्या होस्टेलच्या पोरी मला मावशी न् त्यांना मामा म्हणत असल्यामुळे आमचं नातं आपोआपच जुळून गेलं होतं.

लातुरात क्लासच्या मागच्या गल्लीत माझं घर आहे. आमचे हे गेले, लेकरं पुण्याकडं गेली, आणि वरचा मजला रिकामा पडला, तेव्हा मी पोरी ठेवायला लागले. खाली सात, वर सात, अशा चौदा पोरी. कुणी मुखेडची, कुणी चाकूरची, कुणी कंधारची. सकाळ-संध्याकाळ मेस. त्या मेसमध्ये बाहेरची दोनचार माणसंही जेवायला यायची, त्यांतले हे एक. पहिल्याच दिवशी ताटावर बसले, माझ्या कुकरनं शिट्टी मारली, आणि पालथा हात खाली गेला. "अक्का, गॅस जरा खाली. लई शिट्ट्या झाल्या म्हंजे डाळ लई शिजती असं न्हाई."

मला आला राग. वीस वर्षं वरण करणाऱ्या बाईला डाळ शिकवतो हा कोण? मी भाकरी जरा आपटूनच वाढली. दुसऱ्या दिवशी मात्र कुणी बघत नाही असं बघून गॅस बारीक केला. वरण जास्त गोड लागलं. हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. आता इथं लिहिते, म्हणजे सुटले.

माणूस मूळ ठिबकवाला. चाकूरकडच्या खेड्यातला, पन्नाशी ओलांडलेला, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, वरच्या खिशात खडूचा तुकडा आणि लाल मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर. आधी शेतातनं ठिबकच्या नळ्या टाकत हिंडायचे. मग एका शेतमालकानं विहिरीवर कॅमेरा लावायला सांगितला, त्या कॅमेऱ्याला नेट लागलं, ते नेट काही चालेना, आणि हे गृहस्थ तीन दिवस विहिरीवर बसून ते चालवूनच उठले. कुणी शिकवलं म्हणाल, तर कुणीच नाही. मीही सातवीपर्यंतच शिकलेली, पुढचं सगळं किराणाच्या डब्यांवरची अक्षरं वाचत वाचत शिकले, म्हणून मला या गोष्टीचं फार कौतुक वाटायचं. ते मात्र म्हणायचे, "अक्का, हे बी ठिबकच हाय. पाणी झाडाच्या बुडाला पायजे. लई प्रेशर दिलं की नळी फुटती न् पाणी बांधावर जातं."

पालीला मात्र भारी भ्यायचे. शिडीवर चढले आणि भिंतीवर पाल दिसली की इतका मोठा माणूस शिडीवरूनच मला हाका मारायचा. मी झाडू घेऊन जायची. पोरी हसून हसून लोळायच्या. "हसा, हसा," म्हणायचे, "नेट कोण लावून देतंय ते बघू." पण लावून द्यायचेच.

आता मुद्द्यावर येते. आमच्या गल्लीत त्या साली वायफायचं वेडच शिरलं होतं. समोर अप्पांचं मुलांचं होस्टेल. अप्पा म्हणजे जुने किराणावाले, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, बोलणं खणखणीत, आणि आमच्यात वैर असं काही नाही पण चुरस मात्र होती. त्यांनी दारावर पाटी लावली, 'फुल वायफाय'. मग मीही लावली. त्यांनी गॅलरीत चार शिंगांचा मोठा डबा आणून बसवला, तोंड सरळ माझ्या घराकडं. मग मी एकाचे दोन डबे केले, दोनाचे तीन. सगळे फुल जोरात. पोरींच्या फोनवर वायफायच्या काड्या अशा भरलेल्या दिसायच्या की बघून पोट भरावं.

आणि नेट चालायचं नाही. काड्या भरलेल्या, आणि चाक आपलं गरगर फिरतंय. मला काही समजायचं नाही. मी चौथा डबा आणायच्या विचारात होते.

त्याच वेळी, गावी नेट नाही म्हणून, परीक्षेसाठी रेणुका आली. किनवटच्या जंगलातल्या खेड्यातली पोर, पहिलीपासून आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहून शिकलेली. बोलणं कमी, हात चालू. एका क्लासवाल्यांनी अशा पोरींसाठी एक तुकडी काढली होती. परीक्षेत निवड झाली तर शिकणं, राहणं सगळं मोफत. नाही झाली तर पोरीनं परत गावी जायचं, आणि गावी गेल्यावर काय, ते तिनं एकदा कणीक मळता मळता सांगितलं होतं. वडिलांनी स्थळ घेऊन आलेल्या चुलत्याला शब्द दिला होता. निवड झाली तर शिकेल, नाही तर यंदा लग्न. परीक्षा ऑनलाइन, रविवारी सकाळी दहाला, जिथं राहता तिथूनच द्यायची. मोबाइलचं नेट वापरावं तर त्या वेळी गल्लीभर सगळ्यांच्याच परीक्षा, ते मुंगीच्या पायानं चालायचं. सगळी भिस्त माझ्या वायफायवर.

त्या रविवारी अर्धा पेपर झाला न् झाला, तिचा फोन अडकला. पुन्हा लावला, पुन्हा अडकला. वेळ संपली. पोर रडली नाही. उठली, स्वयंपाकघरात आली, आणि पोळपाट ओढून चपात्या लाटायला बसली. एकीवर एक, एकीवर एक, चाळीस चपात्या लाटल्या तिनं. मला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं. मी क्लासवाल्यांना फोन करून हातापाया पडले, तेव्हा ते म्हणाले, पुढच्या रविवारी ज्यांचा पेपर अर्धा राहिला त्यांना एकदा संधी देऊ. एकदाच.

सोमवारी जेवायला आलेल्या भाऊंना मी हे सांगितलं. ते हात धुता धुता थांबले. "तीन डबे? चौदा पोरींना?"

"चौथा आणू का?"

"अक्का, चौथा आणला तर मी जेवायला दुसरीकडं जाईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले ते शिडी न घेताच. डब्यांना हातही लावला नाही. एकेका पोरीला विचारत बसले. तू अभ्यासाला कुठं बसतीस? भिंतीला टेकून की खाटेवर? दार लावून की उघडं ठेवून? आणि पोर जिथं बसते म्हणेल तिथं तिला फोन घेऊन बसवायचं, आपल्या फुटक्या काचेच्या फोनमध्ये काहीतरी बघायचं, वहीत लिहायचं. असा त्यांनी सगळा दिवस घालवला. मी मनात म्हटलं, हा नेट दुरुस्त करून राहिला की पोरगी बघून राहिला?

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि मी अजून ते विसरलेले नाही, कारण त्यांनी ते माझ्याच मेसचं उदाहरण देऊन सांगितलं. म्हणाले, "समजा वरच्या मजल्यावर एक वाढणारी बाई हाय न् खाली एक. खालची बाई इतक्या जोरात वरडती, चपाती घ्या चपाती, की वरच्या पोरींना तिचाच आवाज ऐकू येतो. शेजारी उभी असलेली बाई त्यांना दिसतच न्हाई. मग वरची पोरगी तिथूनच खालच्या बाईला म्हणती, मला दे. पण पोरीचा आवाज बारीक. बाईचा वर पोचतो, पोरीचा खाली पोचत न्हाई. पोरगी मागत राहती, बाई 'काय म्हनलीस' विचारत राहती. आणि ह्या गोंधळात चौदाच्या चौदा उपाशी."

"मग करायचं काय?"

हात पालथा झाला. खाली गेला. "बाईला म्हणायचं, हळू बोल. आपल्या पंगतीपुरतं बोल."

बुधवारी त्यांनी तीन डब्यांतला एक काढून माझ्या हातात ठेवला. "ह्याला सुट्टी." मी तो पाटावर ठेवून बघत बसले, इतक्या हौसेनं आणलेला. उरलेल्या दोघांतला एक खाली ठेवला, एक जिन्याच्या वळणावर, आणि दोघांचा जोर कमी केला. फोनवर जास्त, मध्यम, कमी असं तीन तऱ्हेचं असतं, तिथं कमी. मग खडू काढून त्यांनी जिन्याच्या वळणावर, डब्याच्या खाली, एक रिंगण काढलं. रेणुकाला म्हणाले, "बाई, रविवारी तू हितं बसायचं. हितून हलायचं न्हाई." पोरींनी दोन तासांत त्या रिंगणाला रांगोळीच्या पाकळ्या काढल्या. मध्ये बसायला पाट ठेवला. जणू तिचं केळवणच.

नेट चालायला लागलं हो. पण काड्या दोनच दिसायला लागल्या. आणि माणसाची जात अशी, की पोरी म्हणायला लागल्या, "मावशी, मामांनी आपलं वायफाय कमी केलं." काम होतंय ते कुणाला दिसेना, काड्या गेल्या ते दिसलं. खरं सांगते, मलाही तेच दिसलं.

राहिला अप्पांचा गॅलरीतला डबा. तो माझ्या जिन्यापर्यंत ओरडत होता. भाऊ त्यांच्याकडं गेले तर अप्पा म्हणाले, माझा डबा कमी करायचा म्हणजे मी काय त्या बाईपुढं नमतं घ्यायचं? भाऊंनी त्यांना सांगितलं, हवेत तीन वाटा आहेत असं समजा, एक नंबरची, सहा नंबरची आणि अकरा नंबरची. दोन्ही घरांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या आणि आवाज बारीक ठेवला तर दोघांचंही चालेल. अप्पा लगेच म्हणाले, अकरा माझा. हे मला कळलं तेव्हा मीही म्हटलं, अकरा मीच घेणार. अकरा म्हणजे शुभ, आणि शिवाय मोठा. अप्पाला अकरा आणि मला एक? गल्लीत तोंड कसं दाखवू?

भाऊ म्हणाले, "अक्का, तुम्ही स्टँडवर जाता ना? अकरा नंबरच्या फलाटावरची एसटी काय एक नंबरच्या फलाटापेक्षा जोरात पळती का?"

मी परातीतली कणीक जोरात तिंबायला घेतली.

शेवटी त्यांनी काय केलं, तर गुरुवारी दुपारी अप्पांच्या ओट्यावर सतरंजी टाकली, आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं, आणि खिशातून सुपारी काढली. आमच्याकडं सोयरीक पक्की झाली की दोन्हीकडची माणसं बसवून सुपारी फोडतात, एकदा फुटली की शब्द मागं घेता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणाले, "तोंडी बोलणं हवेत जातं. अप्पा अकरा नंबर, अक्का एक न् सहा, आवाज दोघांचा बारीक. कबूल असंल तर फोडतो." खिडक्यांतून पोरं, गच्चीवरून पोरी, सगळी गल्ली गोळा. अप्पा लाजून लालेलाल, मी पदर सावरत बसलेली. तेवढ्यात अप्पांच्या घरच्या, शांताबाई, आतून चहा घेऊन आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मावशी, आता सुपारी फुटलीच हाय तर ह्यांना घेऊनच जावा. तेवढंच माझं दोन वेळचं सुटतं."

सुपारी अडकित्त्यात होती आणि भाऊंना हसू आवरेना. पहिल्यांदाच त्यांचा हात खाली न जाता पोटावर गेला. अप्पासुद्धा हसले, म्हणाले, "नको रे बाबा, हिच्या मेसात शिट्ट्या लई." सुपारी फुटली. अर्धी अप्पांना, अर्धी मला. माझी अर्धी मी जिन्यातल्या डब्याशेजारी ठेवून दिली.

इथपर्यंत सगळं गोड. पुढचा दोष माझा.

शनिवारी भाऊंना किल्लारीला जावं लागलं, तिथल्या एकाचे कॅमेरे बसवायचे होते, रात्र तिथंच. जाताना त्यांनी डब्याचा पासवर्ड आणि कुठं काय दाबायचं ते एका कागदावर मराठीत लिहून माझ्या फडताळाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. म्हणाले, "लागणार न्हाई. पण घर तुमचं हाय, किल्ली तुमच्याजवळ पायजे." एवढा विश्वास.

रविवारी सकाळी आठला मी फोन उघडला तर माझ्या काड्या दोन. आणि अप्पांच्या डब्याच्या तीन. मी गॅलरीत उभी होते, अप्पांच्या समोर, तिथं त्यांच्या तीन दिसणारच. पण तेव्हा हे डोक्यात येईना. माझ्या मनात आलं, अप्पानं शब्द मोडला. गुपचूप वाढवला. आणि आज माझ्या पोरीचा पेपर. रेणुका न्हाऊन, वेणी घालून, रिंगणाकडं बघत बसली होती. तिच्याकडं बघितलं. दोन काड्यांवर या पोरीचं नशीब कसं टांगू मी?

फडताळ उघडलं. कागद वाचला. दोन्ही डबे 'कमी'वरून 'जास्त'वर नेले. तेवढ्यानं माझं समाधान झालं असतं तर मी मी कसली. सुट्टीवरचा तिसरा डबाही काढला आणि गॅलरीत लावला, फुल जोरात. काड्या भरल्या. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू.

नऊला पोरी ओरडायला लागल्या. चाक गरगर. वरच्या पोरी खालच्या डब्याला चिकटलेल्या, रेणुकाचा फोन कधी या डब्यावर तर कधी त्या डब्यावर उड्या मारतोय. समोर अप्पांचंही नेट बंद पडलं, कारण माझा तिसरा डबा नेमका अकरा नंबरच्याच वाटेनं चालला होता, हे मला नंतर कळलं. अप्पांना वाटलं, बाईनं शब्द मोडला. त्यांनीही आपला डबा फुल केला. मग काय, दोन्ही घरं ओरडायला लागली आणि ऐकणारं कुणीच राहिलं नाही.

सव्वानऊला मी भाऊंना फोन लावला. ते किल्लारीच्या फाट्यावर जीपची वाट बघत होते. तासाभराच्या वर रस्ता. ते दहापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. मी काय सांगितलं, कसं सांगितलं आठवत नाही. मला वाटलं होतं चिडतील. सुपारी फोडून घेतलेला शब्द मी मोडला होता. पलीकडून जीप थांबल्याचा आवाज आला, ते चढले असावेत.

"अक्का, दूध उतू चाललं तर काय करता?"

"गॅस बंद करते."

"मग? अजून दहा वाजायचे हायत. पण एकट्याचा गॅस कमी करून जमायचं न्हाई. अप्पाकडं जा. फोन चालूच ठेवा."

तुम्हाला सांगते, आमची गल्ली पंधरा पावलांची असेल. ती पंधरा पावलं मला किल्लारीएवढी लांब वाटली. काय बोलायचं? अप्पाला म्हणावं तू वाढवलंस, तर भांडण, आणि भांडणात दहा वाजणार. मागं वळून बघितलं तर रेणुका दारात उभी, फोन छातीशी धरून. मी हाताला कणीक तशीच घेऊन अप्पांच्या ओट्यावर चढले. सगळी पोरं बाहेर आलेली.

"अप्पा, मी वाढवलं. आधी मी वाढवलं. तुमचं काही चुकलं नव्हतं."

अप्पांनी तोंड उघडलं होतं भांडायला, ते तसंच राहिलं. मग त्यांनी विभूतीवरून हात फिरवला आणि पडेल आवाजात म्हणाले, "मी बी वाढवलं, मावशी. दोनदा."

शांताबाई आतून म्हणाल्या, "आता सुपारी परत चिकटवा."

भाऊ फोनवर होतेच. फोन मोठ्या आवाजात लावून ओट्यावर ठेवला. ते एकेक सांगत गेले. आधी तिसरा डबा काढा. काढला. आता दोघांनी एकदम मध्यमवर. अप्पांचा नातू त्यांच्या घरात, मी माझ्या फोनवर. आता थांबा. चहा प्या. कसला चहा, माझ्या हाताला अजून कणीक होती. आता दोघांनी एकदम कमीवर. "थोडं खाली," फोनमधून आवाज येत होता, मागं जीपचा हॉर्न, कुणाची तरी कोंबडी ओरडत होती, "अजून थोडं." आणि शपथेवर सांगते, त्या जीपमध्ये बसून ते हात खाली करत असणार, आणि शेजारचा माणूस बघत असणार की हा कुणाला शांत करतोय.

दहाला पाच मिनिटं कमी होती. रेणुका रिंगणात पाटावर जाऊन बसली. तिच्या फोनवर दोन काड्या. पेपर उघडला. आम्ही तेरा पोरी न् मी, सगळ्या फोन बंद करून खाली जमिनीवर बसलो. समोर अप्पांनी आपल्या पोरांना बाहेर काढून ओट्यावर बसवलं होतं, एकालाही मोबाइल हातात घेऊ देईनात. गल्लीत रविवारी सकाळी इतकी शांतता मी लग्न होऊन या गल्लीत आल्यापासून पहिल्यांदा ऐकली. मधूनच वर बघायची. पोरीचं बोट फोनवर चालत होतं. थांबलं की वाटायचं, अडकलं. मग कळायचं, ती विचार करतेय. पोर विचार करत होती हो, चाक फिरत नव्हतं.

अकराच्या सुमाराला भाऊ आले. धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. मी उठून काही बोलणार, तर त्यांनी पालथा हात केला, जिन्याच्या खाली उभे राहिले, आणि तसेच उभे राहिले. पेपर संपला तेव्हा रेणुकानं रिंगणातूनच त्यांच्याकडं बघितलं आणि फोन उलटा करून दाखवला. 'सबमिट झाले' असं हिरव्या अक्षरात होतं. मग ती रडली. चाळीस चपात्यांचं रडणं ते, बराच वेळ चाललं.

मी ज्या अपराधाबद्दल सकाळपासून बोलणी खायची तयारी करून बसले होते, त्याबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत. जेवायला बसले. कुकरची शिट्टी झाली. मीच उठून गॅस बारीक केला. ते ताटाकडं बघत म्हणाले, "अक्का, तुमचं वरण लई दिवसांपासनं बरं लागून राहिलंय." म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पहिल्या आठवड्यापासून.

रेणुकाची निवड झाली. तिचे वडील स्वतः किनवटहून आले, मोहाच्या फुलांची पिशवी घेऊन, आणि ते जिन्यातलं रिंगण बराच वेळ बघत उभे राहिले. चुलत्याला काय सांगितलं असं मी विचारलं. म्हणाले, "सांगितलं, पोरगी पास झाली, आता तुम्ही थांबा." तिसरा डबा मी अप्पांच्या घरी शांताबाईंना दिला, मागच्या खोलीला, अगदी कमी आवाजावर. दारावरची पाटीही बदलली. नुसतं 'वायफाय'. फुल काढून टाकलं.

आता भाऊ लातुरात नाहीत. रेणुकाच्या वडिलांनी गावी जाऊन आश्रमशाळेच्या सरांना सगळी हकिकत सांगितली, आणि सरांनी भाऊंना बोलावून घेतलं. आठवड्यासाठी गेले ते तिथलेच झाले. एका शाळेचं झालं की दुसरी, दुसरीचं झालं की तिसरी. तिथल्या पोरींना आता असल्या पेपरासाठी गाव सोडून यावं लागत नाही. मेसमधली त्यांची जागा मी अजून कुणाला देत नाही, उगीच तिथं भाजीची टोपली ठेवून देते. पाल निघाली तर आता मला शिडीवरून कुणी हाक मारत नाही, मी आपली एकटीच झाडू घेऊन तिच्या मागं लागते, आणि मजा येत नाही.

परवा रविवारी दुपारी त्यांनी फोनवरून आम्हाला चेहरा दाखवला. मी आणि रेणुका जिन्याच्या वळणावर, रिंगणात, मांडीला मांडी लावून बसलो होतो. दोन काड्यांवर त्यांचं तोंड कसं लख्ख दिसत होतं. मागं शाळेचा लांब व्हरांडा, आणि व्हरांड्यात खडूची रिंगणं काढलेली, एकेकात एकेक पोर बसलेली.

"अक्का, हितं सगळं उलटं हाय," ते म्हणाले. "इमारती लांब लांब, मध्ये झाडं, शेजारी कुणी अप्पा न्हाई. हितं वाढवावं लागतं." आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा हात उताणा झालेला बघितला. तो वर वर जात राहिला. "अजून थोडं... अजून थोडं..." इतका वर गेला की पडद्याच्या बाहेर गेला, आणि दिसायला नुसता बिनहाताचा माणूस राहिला.

रेणुकानं आपला तळवा पालथा करून फोनपुढं धरला.

"मामा, जरा खाली. हात दिसंना."

ते हसले. आणि तो हात हळूहळू खाली आला, पडद्याच्या मधोमध, आणि तिथंच थांबला.